उंचावरच्या राखीव जंगलात चालायला आणि प्राणी-पक्षी पाहायला जाताना: आखणी, सामान आणि हमखास होणाऱ्या चुका

रानवाटा (धागाकर्ता)

उंचावरच्या राखीव जंगलात जाणारे बहुतेक जण बेत आखतात ट्रेकचा आणि आस धरतात प्राणी दिसण्याची. दोन्ही एकत्र जमत नाही. दिवसाला १५-१६ किमी तुडवायचे असतील तर मान खाली, नजर पुढच्या पावलावर आणि कानात स्वतःचाच श्वास. दाट झाडीत जनावर दिसतं ते बहुधा थांबलेल्या माणसाला. म्हणून या धाग्याचं पहिलं सांगणं हेच, की अंतर निम्म्यावर आणा आणि वाचलेला वेळ उभं राहण्यात घाला.

हिशेब असा मांडा. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला, तो आजही वापरतात: सपाटीवर ताशी ५ किमी आणि चढाच्या दर ६०० मीटरला एक तास जादा. ९ किमीची वाट आणि ६०० मीटर चढ म्हणजे साधारण पावणेतीन तास. पण हा वेळ कोरड्या वाटेवर, न थांबता चालण्याचा. निरीक्षण करत जायचं असेल तर दुप्पट धरा, वाट ओली आणि मुळांनी भरलेली असेल तर अडीचपट. म्हणजे साडेपाच ते सात तास. अख्खा दिवस त्यातच जातो आणि तो तसाच जायला हवा.

दुसरी गोष्ट माघारी वळण्याची वेळ. ती घरून निघतानाच ठरवायची, वर पोहोचल्यावर नाही. झाडांच्या छताखाली अंधार उघड्यावरच्यापेक्षा अर्धा तास तरी आधी पडतो, विषुववृत्ताजवळ तर संधिप्रकाश फारच थोडा वेळ टिकतो. त्यामुळे सूर्यास्ताच्या दीड तास आधी फाटकाबाहेर यायचं आणि उतरायला अडीच तास लागणार, तर सूर्यास्ताच्या चार तास आधी पाठ फिरवायची. माथा पन्नास मीटरवर दिसत असला तरी. ही वेळ, कोणत्या वाटेने जाणार ते आणि माणसं किती, हे कागदावर लिहून वनचौकीवर द्या. शोध घ्यायची वेळ आली तर याच कागदावर सगळं चालतं.

तिसरं, थंडी. दर हजार मीटरला तापमान सरासरी ६.५ अंशांनी उतरतं. पायथ्याशी २६ अंश असतील तर २००० मीटर वर चढल्यावर १३. तेरा अंश ऐकायला सुखद वाटतं. घामाने ओला झालेला सुती शर्ट आणि खिंडीतला वारा यांत तेच तेरा अंश हुडहुडी भरवतात. सुती कपडा पाणी धरून ठेवतो, म्हणून अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, वर फ्लीस (मऊ, ऊबदार कृत्रिम कापडाचा कपडा), त्यावर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. चढ सुरू करताना थोडी थंडी वाजत असेल तर कपडे बरोबर आहेत असं समजा. ऊबदार वाटत असतील तर दहा मिनिटांत घाम फुटेल. थांबण्याच्या जागी पोहोचलात की अंग निवायच्या आत फ्लीस चढवायचा. उलट क्रमाने करणारे निम्म्या निरीक्षणातच उठून चालू लागतात.

टिपकागद

धागा छान. थांबण्याबद्दल पूर्ण सहमत, त्यात वाऱ्याची भर घालतो, कारण सस्तन प्राण्यांच्या बाबतीत नाक ही सगळ्यात मोठी अडचण असते.

डोंगरउतारावरचा वारा घड्याळासारखा फिरतो. रात्री आणि पहाटे थंड, जड हवा उतारावरून खाली वाहते. ऊन पडून उतार तापला की हवा वर चढू लागते. पहाटे चढत असाल तर वारा वरून तोंडावर येतो आणि तुमचा वास मागे, खाली जातो. पुढचं जनावर बेसावध राहतं. नऊ-साडेनऊनंतरही चढतच राहिलात तर वास तुमच्या आधी वर पोहोचतो आणि पुढच्या वळणावर फक्त ताजे ठसे उरतात. म्हणून उजाडताना चढा, एका जागी बसा आणि वारा फिरला की उतरायला लागा. दोन्ही वेळा वारा तोंडावरच राहील. पूर्वेकडचा उतार आधी तापतो, पश्चिमेकडचा बराच उशिरा, तेवढं लक्षात ठेवा.

ढगाळ दिवशी किंवा मोठा वारा सुटला असेल तेव्हा हे गणित चालत नाही. अशा वेळी काठीच्या टोकाला सहा-सात सेंटीमीटरचा लोकरीचा धागा बांधून ठेवा आणि त्याच्याकडे बघत जा. अत्तर, वासाचा साबण, सनस्क्रीनचा उग्र वास हे सगळं त्या दिवशी टाळलेलं बरं.

धुक्यातली_वाट

प्रश्न विचारते. ढगात बुडालेल्या जंगलात एकेकदा तासभर पान हलत नाही. पक्षीच नाहीत असं समजून पुढे जायचं का?

ओढ्याकाठी

नाही, तिथेच थांबा. डोंगरी जंगलात पक्षी बऱ्याचदा मिश्र थव्यांनी हिंडतात. कीटक खाणारे दहा-पंधरा जातींचे पक्षी एकत्र सरकत जातात: कोणी शेंड्याला, कोणी सालीच्या फटीत, कोणी खालच्या झुडपात. थवा नसेल तेव्हा जंगल रिकामं वाटतं, थवा आला की पाच-दहा मिनिटांत सगळं एकदम, कुठे बघू असं होऊन जातं.

तो येताना आधी ऐकू येतो. प्रत्येक थव्यात एखादी बडबडी जात असते, बाकीचे तिच्या आवाजाला धरून चालतात. तो आवाज ओळखून ठेवा. थवा दिसल्यावर मागे धावायचं नाही, मागून सगळ्यांच्या शेपट्याच दिसतात. तो कुठे सरकतोय ते पाहून वाटेनेच पन्नास-साठ पावलं पुढे जा, झाडाच्या खोडाला पाठ लावून उभे राहा आणि त्याला अंगावर येऊ द्या. आधी शेंड्यावरचे पाहून घ्या, कारण ते सगळ्यात आधी निघून जातात. खालच्या झुडपातले रेंगाळतात.

धुकं विरळ होऊन ऊन पडलं की पहिली दहा मिनिटं तर अजिबात वाया घालवू नका. रात्रभर गारठलेले कीटक हलायला लागतात आणि पक्षी जंगलाच्या कडेला, उन्हाच्या पट्ट्यात येतात. डबा उघडायची ती वेळ नव्हे.

आणि प्रत्येक नोंदीबरोबर उंची लिहा. १४०० मीटरवर सर्रास दिसणारी जात १९०० वर मिळतच नाही, तिची जवळची भावंडं तिथे असतात. नुसतं जंगलाचं नाव लिहिलेली नोंद पुढे कुणाच्या फार उपयोगी पडत नाही.

काचेमागून

दुर्बिणीबद्दल लिहितो, कारण चुकीची दुर्बीण घेऊन ढगाच्या जंगलात जाणं म्हणजे अर्धा दिवस गमावणं.

दुर्बिणीवर दोन आकडे असतात. ८×४२ मध्ये आठपट जवळ दिसतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिमी. ४२ ला ८ ने भागा: ५.२५ मिमी. एवढ्या जाडीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात शिरतो. अंधुक उजेडात आपली बाहुली साधारण ५ ते ७ मिमी उघडते. १०×२५ ची खिशात मावणारी दुर्बीण फक्त २.५ मिमी देते, म्हणजे धुक्यात आणि दाट छताखाली पक्षी काळी आकृती होऊन बसतो. शिवाय दहापटीत हाताचा थरथराट दहापट आणि चढून दम लागलेला असताना तो जास्तच. डोंगरी जंगलासाठी ८×४२, वजन कमी हवं असेल तर ८×३२.

डावा-उजवा डोळा जुळवून घेणं बरेच जण विसरतात आणि मग "चित्र धूसर येतं" म्हणून दुर्बिणीला दोष देतात. उजवं भिंग झाका, मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला एखादं पान लख्ख दिसेपर्यंत फिरवा. मग डावं झाका आणि त्याच पानाकडे बघत उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवा. मधल्या चाकाला तेव्हा हात लावायचा नाही. कडी कोणत्या खुणेवर आली ते पाहून ठेवा, पिशवीत घासून ती सरकते.

पक्षी सापडत नसेल तर नजर त्याच्यावरून हलवू नका आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत उचला. दुर्बीण लावून मग शोधायला गेलं की फक्त हिरवळ दिसते.

बाष्प धरतं ते बहुतेक वेळा डोळ्यांच्या बाजूला, स्वतःच्या श्वासाने आणि घामाने. चढून आल्याबरोबर डोळ्याला लावू नका, दोन मिनिटं जाऊ द्या. आधी फुंकणीने कण उडवा, मग मऊ कापडाने पुसा. शर्टाच्या टोकाने पुसलं की धुळीचे कण काचेवर ओरखडे काढतात. रात्री थंडीतून ऊबदार खोलीत येताना ती पिशवीतच बंद ठेवा. खोलीच्या तापमानाला आली की उघडा.

कातळपायी

चांगली माहिती चालली आहे, पण एक मतभेद नोंदवतो. प्राणी पाहायला जाणाऱ्यांना नेहमी दिला जाणारा "शांत चाला" हा सल्ला सरसकट देऊ नये. अस्वल, हत्ती, रानगवा असलेल्या जंगलात आंधळ्या वळणावर पाच मीटरवर गाठ पडणं हा सगळ्यात मोठा धोका. हल्ले पुष्कळदा दचकल्यामुळे होतात. त्यातही टिपकागद यांनी सांगितलेला तोंडावरचा वारा असेल तर जनावराला तुमची चाहूलच लागत नाही.

टिपकागद

मुद्दा रास्त आहे, मी तो लिहायला हवा होता. जिथे समोरचं दूरवर दिसतं, माळ, कडा, मोकळी खिंड, तिथे शांत. जिथे नजर वीस मीटरच्या पुढे जात नाही, झाडी अंगाला लागते किंवा ओढ्याच्या खळखळाटात पावलं ऐकू येत नाहीत, तिथे नेहमीच्या आवाजात बोलत जायचं. ताजी विष्ठा, मोडलेल्या ओल्या फांद्या, अर्धवट खाल्लेलं सावज दिसलं तर पुढे न जाता आल्या वाटेने परत. सावजाजवळ थांबून फोटो काढणं सगळ्यात वाईट.

समोर आलंच तर पळू नका. अस्वलाकडे पाठ न करता, हळू आवाजात बोलत मागे सरका आणि त्याला निघून जायला वाट ठेवा. पिल्लू आणि आई यांच्या मध्ये कधीही येऊ नका. हत्तीच्या बाबतीत लांबूनच बाजू बदला. त्याने कान फैलावून डोकं वर केलं म्हणजे तुम्ही आधीच फार जवळ आला आहात.

मातीचे_ठसे

जनावर दिसलं नाही तरी वाट वाचता येते. पावसानंतर वाटेच्या कडेला जमलेला मऊ चिखल शोधा आणि तिथे गुडघ्यावर बसा.

मांजर कुळातले प्राणी चालताना नखं आत घेतात, त्यामुळे ठशात नखं उमटत नाहीत. कुत्रा, कोल्हा, रानकुत्रा यांच्यात बोटांपुढे टोकदार टिंबं दिसतात. मांजरकुळाच्या तळव्याच्या मागच्या कडेला तीन फुगवटे असतात. नखांची खूण निसरड्या चिखलात फसवू शकते, म्हणून तळव्याची मागची कड नक्की पाहा.

ताजेपणा असा ओळखा. ठशाची कड धारदार, आतली माती बाहेरच्यापेक्षा ओलसर आणि चकचकीत, तर काही तासांच्या आतला. ठशाच्या आत पावसाच्या थेंबांचे खळगे असतील तर पाऊस पडायच्या आधीचा. बाहेर खळगे आणि आत सपाट असेल तर पाऊस थांबल्यानंतरचा. पाऊस किती वाजता थांबला हे माहीत असेल तर जनावर त्याआधी गेलं की नंतर ते सांगता येतं. झाडांवरून टपटपणारं पाणीही असेच खळगे पाडतं, तेव्हा वर फांदी आहे का ते बघा.

हत्तीच्या पुढच्या पायाच्या ठशाचा घेर दोरीने मोजून दुप्पट केला की खांद्याची उंची अंदाजे मिळते. घेर १.२५ मीटर असेल तर अडीच मीटरच्या आसपास. फोटो घेताना शेजारी पट्टी किंवा काडेपेटी ठेवा, नाहीतर मागाहून आकार कळत नाही.

पानगळ

जळवांचं कुणीच लिहिलं नाही! पावसाळ्यात ओलसर डोंगरी जंगलात दिवसाचा निकाल त्याच लावतात.

पँट मोज्यात खोचा आणि वरून घट्ट विणीचे, गुडघ्यापर्यंतचे जळू-मोजे. साध्या मोज्याच्या विणीतून बारीक जळू आत शिरते. पाचोळ्यात उभं राहून गप्पा मारू नका, थांबायचं तर दगडावर किंवा आडव्या ओंडक्यावर. चिकटली तर मीठ, चुना, पेटती काडी यांतलं काही लावू नका. भाजली किंवा चिडवली की ती पोटातलं जखमेत ओकण्याची शक्यता असते. तिचं निमुळतं टोक शोधा, तेच तोंड. त्याच्याशेजारी कातडी ताणून नख कातडीला समांतर सरकवा, पकड सुटते. मग लगेच जाड टोकाखालून तसंच, आणि टिचकीने उडवा. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा हिरुडिन असतो, त्यामुळे जखम तासनतास झिरपते. घाबरण्यासारखं नाही, साबणपाण्याने धुवून दाबून पट्टी बांधा.

गोचीड वेगळी. बारीक टोकाच्या चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ, एकसारखं ओढायचं. पिळायचं नाही. त्यानंतरच्या काही आठवड्यांत ताप किंवा अंगावर चट्टा आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा.

कातळपायी

२५०० मीटरच्या वर मुक्काम असेल त्यांच्यासाठी. ३००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ७० टक्क्यांच्या आसपास असतो. डोकेदुखी, मळमळ, भूक नसणं, झोप न लागणं ही विरळ हवेच्या त्रासाची सुरुवात. अशा वेळी त्याच उंचीवर थांबा, आणखी चढू नका. सरळ रेषेत टाचेला बोट लावून चालता येईना, बोलणं असंबद्ध होऊ लागलं किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असो वा पाऊस, सोबत घेऊन त्या माणसाला खाली उतरवा. सकाळची वाट बघण्यात जीव जातात. ३००० च्या वर रोज झोपण्याची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा.

ओढ्याचं पाणी एक मिनिट खळखळ उकळा, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. उंचीवर पाणी कमी तापमानालाच उकळतं.

ओढ्याकाठी

हवामानाबद्दल थोडं. डोंगरात सकाळ निरभ्र आणि दुपारी ढग हे नेहमीचंच, कारण वर चढणारी ओलसर हवा थंड होऊन ढग बनते. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तिनाने भागलं की किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर कडा, माथा, एकटं झाड सोडा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उघड्यावर येऊ नका.

मनगटी घड्याळात उंचीमापक असेल तर मुक्कामी झोपताना आकडा बघून ठेवा. सकाळी जागचे न हलता उंची ३०-४० मीटरनी वाढलेली दिसली तर हवेचा दाब उतरला आहे, हवा बिघडणार. त्या दिवशी लांबची वाट धरू नका. आणि उंची माहीत असलेल्या खांबापाशी किंवा खिंडीत तो पुन्हा जुळवून घ्या, नाहीतर धुक्यात चुकीच्या फाट्यावर वळाल.

वाट चुकल्यासारखं वाटलं तर शिट्टी: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबा, पुन्हा सहा. उत्तर मिनिटात तीन शिट्ट्यांनी येतं. उताराने ओढ्याबरोबर खाली जाणं टाळा, डोंगरी ओढे धबधब्यापाशी जाऊन थांबतात.

धुक्यातली_वाट

सगळ्यांचे आभार, खूपच उपयोगी. पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज लावून त्याला बोलावण्याबद्दल काय मत? काही गट सर्रास लावतात.

काचेमागून

लावू नये. नराला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसला. तो खाणं, पिल्लांना भरवणं सोडून भांडायला येतो, आणि एकाच वाटेवर रोज चार गटांनी लावलं तर त्याचा विणीचा हंगामच हातचा जातो. बऱ्याच राखीव जंगलांत त्याला मनाई आहेच. घरट्याची जागा, दुर्मीळ प्राण्याचं नेमकं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका, फोटोतली जागेची नोंद बंद करा. ईबर्ड आणि आयनॅचरलिस्ट ही निसर्गनोंदींची संकेतस्थळं संवेदनशील जातींची जागा लपवतात, नोंद तिथे करा.

माणसाच्या जवळचे प्राणी असतील तर अंतर अजून काटेकोर. डोंगरी गोरिलांना माणसाचा सर्दी-खोकला होऊ शकतो. म्हणून त्यांच्याजवळ एका कुटुंबाला दिवसाला आठ पर्यटक, एकच तास आणि तोंडावर मुखपट्टी. सर्दी झाली असेल तर परवाना हातात असूनही जायचं नाही.

रानवाटा

एक राहिलं: बूट. उंचावरच्या जंगलातले बेडूक जगात अनेक ठिकाणी धोक्यात आहेत. त्यांची कातडी निकामी करणाऱ्या कायट्रिड बुरशीचं वर्णन १९९९ मध्ये झालं, तोवर ती बरीच पसरली होती. कोस्टा रिकातल्या मोंटेवर्देच्या ढगाळ जंगलात १९८७ मध्ये दीड हजारांहून जास्त सोनेरी भेक मोजले होते. १९८९ मध्ये एकच नर दिसला, त्यानंतर एकही नाही. त्यांच्या नाशाला ही बुरशी आणि तेव्हाचा कोरडेपणा दोन्ही कारणीभूत धरले जातात. बुरशी ओल्या चिखलातून आणि पाण्यातून पसरते, आणि एका खोऱ्यातला ओला चिखल दुसऱ्या खोऱ्यात आपणच बुटांच्या खाचांतून नेतो.

मातीचे_ठसे

याची पद्धत लिहून ठेवतो. आधी ताठ ब्रशने खाचांतला सगळा चिखल काढायचा, काठीचं टोक आणि गेटरच्या (बुटावरून पोटरीला बांधायच्या आवरणाच्या) शिवणीही सोडायच्या नाहीत. चिखल राहिला तर जंतुनाशक त्याच्या आत पोहोचतच नाही, आणि लोक नेमका हाच टप्पा गाळून वरून फवारा मारतात. मग ७० टक्के अल्कोहोल सगळीकडे भिजेल असं फवारून किमान एक मिनिट ओलं राहू द्यायचं. शेवटी पूर्ण वाळवायचं, आतून-बाहेरून. कोरडेपणा या बुरशीला सोसत नाही. दोन खोऱ्यांच्या मध्ये बूट वाळायला वेळ मिळणार नसेल तर दुसरा जोड ठेवा. हे सगळं बाहेर पडल्यावर फाटकापाशीच करा, ओढ्यात नाही, आणि ब्रश बंद पिशवीत घालून परत न्या.